परीकथांचे पुनर्कथन

वाचकांना आधीपासून ठाऊक असलेली परीकथा आधाराला घेऊन तिच्यातून नवी कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक रचण्याच्या साहित्यप्रकारास परीकथांचे पुनर्कथन म्हणतात. भाषांतर, संक्षेप किंवा मुलांसाठी केलेले सुलभ रूपांतर यांपासून तो वेगळा धरला जातो. पुनर्कथनात जुन्या कथेतील पात्रे, प्रसंग आणि कल्पनाबंध ओळखू येण्याइतके शिल्लक असतात. पण निवेदक, काळ, कार्यकारणभाव किंवा शेवट यांपैकी काहीतरी असे बदललेले असते, की परिचित कथेचा अर्थच पालटतो. जुनी कथा वाचकाला आठवत असणे ही या प्रकाराची पूर्वअट होय. लेखकाने जे सांगितलेले नाही ते वाचक स्वतःच्या आठवणीतून भरून काढतो आणि त्या दोहोंमधील तफावतीतूनच नव्या कथेचा बराचसा आशय उभा राहतो.

यातील ‘जुनी कथा’ मात्र एकच एक नसते. आज प्रमाण मानली जाणारी बहुतेक परीकथांची रूपे ही स्वतःच पुनर्कथने आहेत. सावत्र आईच्या जाचातील मुलगी आणि तिचे हरवलेले पादत्राण ही सिंड्रेलाची कथा चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चंगशी याने ये-श्येन नावाच्या मुलीची म्हणून लिहून ठेवली आहे; तिच्यात नायिकेला एका मारलेल्या माशाच्या हाडांचे साहाय्य होते आणि पादत्राण सोन्याचे आहे. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बासीले याच्या १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील सिंड्रेला तर पेटीचे झाकण मानेवर आपटून पहिल्या सावत्र आईचा जीव घेते. काचेचे बूट आणि भोपळ्याची बग्गी हे तपशील शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ मधील संग्रहातून रूढ झाले. मॅरियन रोआल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये या एकाच कथाप्रकाराची ३४५ रूपे नोंदवली होती.

याकोप व व्हिल्हेल्म ग्रिम या बंधूंचा जर्मन कथासंग्रह लोकमुखातून जसाच्या तसा टिपलेला आहे, असा समज दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात १८१२ ची पहिली आवृत्ती आणि १८५७ ची सातवी आवृत्ती शेजारी ठेवून वाचल्या, तर संपादकाची लेखणी पानोपानी चाललेली दिसते. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीपासून ती सावत्र झाली. मातृत्वाची प्रतिमा डागाळू नये, हा त्यामागील हेतू असावा असे अभ्यासक मानतात. मनोऱ्यात कोंडलेली आणि राजपुत्राला आपल्या लांब केसांवरून वर घेणारी रपुन्झेल १८१२ मध्ये तिला कोंडणाऱ्या म्हातारीला भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले आहेत, आणि तिच्या गरोदरपणाचा उलगडा होतो. पुढील आवृत्त्यांत हा प्रश्न गळाला आणि तुला वर ओढणे राजपुत्राला ओढण्यापेक्षा इतके जड का जाते, असे ती बोलून जाते. कथा मुलांच्या हाती जाऊ लागल्यावर प्रसंगाचे प्रयोजन तसेच ठेवून केवळ कारण बदलायचे, हे तंत्र पुढील काळातील लेखकांनी उलट्या हेतूने वापरले.

पुनर्कथन म्हणजे जुन्याची मोडतोड, या आक्षेपाची परीक्षा करायला लाल टोपीवाल्या मुलीची कथा सर्वांत उपयोगी पडते. पेरोच्या कथेत लांडगा आजीला आणि मुलीला खातो आणि कथा तेथेच संपते. खाली जोडलेल्या पद्यात तरुण मुलींना गोडबोल्या लांडग्यांपासून सावध केलेले आहे. ग्रिम बंधूंनी शिकारी आणून दोघींना लांडग्याच्या पोटातून जिवंत बाहेर काढले. परंतु फ्रान्सच्या ग्रामीण भागात एकोणिसाव्या शतकात टिपलेल्या मौखिक रूपांत वेगळाच प्रकार आढळतो. तेथे मुलगी बिछान्यातून बाहेर पडण्यासाठी शौचाला जायचे निमित्त सांगते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला अंगणात सोडतो. ती दोरी सोडवून झाडाला बांधते आणि पळून घर गाठते. शिकारी नाही, उपदेशही नाही. विसाव्या शतकातील लेखकांनी या मुलीला स्वतःची सुटका करू दिली तेव्हा तो आधुनिक आगाऊपणा मानला गेला. वस्तुतः त्यांनी नकळत किंवा जाणूनबुजून छापील परंपरेच्या मागची वाट धरली होती. रोआल्ड डाल यांच्या १९८२ मधील विनोदी पद्यात तर ती पिस्तूल काढून लांडग्याला गोळी घालते आणि पुढे त्याच्या कातड्याचा कोट मिरवते.

या साहित्यप्रकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९७० नंतर, स्त्रीवादी समीक्षेच्या सान्निध्यात. ॲलिसन लूरी यांनी १९७० मध्ये असे मांडले, की परीकथांत कर्तबगार स्त्रियांची वाण नाही. त्याला उत्तर देताना मार्शा लीबरमन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की अशा कथा असतीलही, पण सर्वत्र वाचल्या जातात त्या मोजक्या कथांत निमूटपणे वाट पाहणाऱ्या देखण्या मुलीलाच बक्षीस मिळते. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी १९७९ मध्ये हिमगौरीच्या कथेतील आरशाचा आवाज हा कथेत न दिसणाऱ्या राजाचा, म्हणजे पुरुषसत्तेचा, आवाज असल्याचे विवेचन केले. ही समीक्षा आणि नवे ललित लेखन यांच्यात उघड देवाणघेवाण होती. ॲन सेक्स्टन यांच्या १९७१ मधील कवितांत ग्रिमच्या कथा मध्यमवयीन चेटकिणीच्या तोंडून, घरगुती उपकरणे आणि मनोविकारांच्या भाषेत येतात. अँजेला कार्टर यांनी १९७७ मध्ये पेरोच्या कथांचे इंग्रजी भाषांतर केले आणि दोनच वर्षांनी ‘द ब्लडी चेंबर’ हा दहा कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. या क्षेत्रातील अभ्यासात त्याचा उल्लेख आजही सर्वाधिक होतो. त्यात सुंदरी आणि पशू या कथेची दोन रूपे लागोपाठ आहेत. पहिल्यात पशूचा माणूस होतो. दुसऱ्यात वाघ मुलीची त्वचा चाटत जातो आणि तिच्याखालून तिची स्वतःची लव उगवते. एकाच संग्रहात दोन्ही शेवट ठेवल्यामुळे कोणताही एक अंतिम ठरत नाही. हे त्या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य असून, केवळ शृंगार व क्रौर्य यांमुळे तो गाजला असे म्हणणे अपुरे ठरते.

पुनर्कथनाच्या रीती अनेक असल्या, तरी सर्वांत फलदायी रीत म्हणजे तपशील जसेच्या तसे ठेवून त्यांचे स्पष्टीकरण बदलणे. नील गेमन यांच्या १९९४ मधील, हिमगौरीवर आधारलेल्या कथेत निवेदन राणी करते. बर्फासारखी गोरी कातडी, रक्तासारखे लाल ओठ, रानात सोडूनही न मरणारी मुलगी, काचेच्या पेटीत पडूनही न कुजणारे प्रेत आणि अशा प्रेतावर भाळणारा राजपुत्र, हे सगळे ग्रिमच्या कथेतलेच. परंतु मुलगी रक्तपिपासू आहे एवढी एकच गोष्ट गृहीत धरली की राणीची क्रूर कृत्ये आत्मसंरक्षणाची होतात. वाचकाला धक्का बसतो तो हे सगळे आपल्या नजरेसमोर असूनही आपण कधी विचारले नव्हते म्हणून. जेन योलेन यांच्या १९९२ मधील कादंबरीत ही रीत इतिहासाच्या कामी येते. तेथे एक आजी नातींना निद्रिस्त राजकन्येची कथा आयुष्यभर सांगते आणि मीच ती राजकन्या असा तिचा दावा असतो. तिच्या मृत्यूनंतर धाकटी नात शोध घेत पोलंडमधील खेल्म्नो या नाझी मृत्युछावणीपर्यंत पोहोचते. किल्ला म्हणजे छावणी, काटेरी कुंपण म्हणजे तारांचे कुंपण, विषारी धुके म्हणजे वायू, चुंबन म्हणजे प्रेतांच्या खड्ड्यातून काढल्यावर तोंडावाटे दिलेला श्वास, असा एकेका तपशिलाचा उलगडा होत जातो. जे थेट सांगता येत नव्हते ते सांगण्यासाठी आजीला परीकथेखेरीज दुसरी भाषा नव्हती, हे त्यातून उभे राहते.

याउलट खलनायकाला बिचारा आणि नायिकेला कावेबाज ठरवणारी सरधोपट उलटापालट १९९० नंतर इतकी वाढली, की तिचाच एक साचा तयार झाला. चेटकीण लहानपणी दुखावली गेली होती एवढे सांगितल्याने कथा नवी होत नाही. जुन्या कथेतील चांगले-वाईट हे विभाजन जागच्या जागी राहते, फक्त पाट्या बदलतात. भविष्यकाळ, गुप्तहेरकथा किंवा शालेय जीवन यांत कथा नेऊन बसवणाऱ्या कादंबऱ्यांनाही हीच कसोटी लावता येते. सिंड्रेलाला यंत्रमानवाचा पाय बसवला आणि पायऱ्यांवर बुटाऐवजी तो पायच निखळला, तर शरीर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तसे काही घडत नसेल, तर उरते ती केवळ वेशभूषा.

चित्रपटांमुळे ‘सर्वांना ठाऊक असलेली कथा’ म्हणजे कोणती, हेही बदलले आहे. ग्रिमच्या कथेत हिमगौरी चुंबनाने जागी होत नाही. पेटी वाहणारे नोकर अडखळतात आणि हिसक्याने तिच्या घशातील विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. त्याच संग्रहातील बेडकाचा राजपुत्र होतो तो राजकन्येने त्याला चिडून भिंतीवर आपटल्यावर. हिमगौरीच्या चुंबनाचा शेवट सर्वदूर पोहोचवला तो १९३७ च्या डिस्ने चित्रपटाने, आणि आजचे अनेक लेखक ग्रिमला उत्तर देत असल्याचे सांगत असले तरी त्यांचा वाद खरे तर या चित्रपटाशीच असतो. (हा फरक स्वतः लेखकांच्याही नेहमी ध्यानात असतोच असे नाही.) कायद्याच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा ठरतो. पेरो व ग्रिम यांच्या संग्रहांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने त्यांतील पात्रे व प्रसंग कोणीही वापरू शकतो. चित्रपटाने नव्याने निर्माण केलेल्या गोष्टींना ही मोकळीक नाही. ग्रिमच्या कथेत सात बुटक्यांना नावे नाहीत. त्यामुळे नव्या लेखकाला बुटके सातच ठेवता येतात, परंतु त्यांची नावे, चेहरे आणि स्वभाव त्याला स्वतःच घडवावे लागतात.