‘कॅराव्हॅन ओढायची तर डिझेलच’ हा सल्ला आला कुठून?

युरोपात पहिल्यांदा कॅराव्हॅन (मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली) घेणाऱ्याला आजही हटकून एक सल्ला मिळतो: मागे कॅराव्हॅन जोडायची असेल तर गाडी डिझेलचीच घे. तो इतक्या ठामपणे दिला जातो की जणू मोटारगाडीच्या जन्मापासून तसंच चालत आलं असावं. प्रत्यक्षात हा सल्ला साधारण १९८९ नंतरचा. त्याआधीची सत्तर वर्षं कॅराव्हॅन बहुतांशी पेट्रोलच्या गाड्यांनीच ओढल्या, आणि त्या काळी डिझेल कार घेऊन डोंगराळ भागात कॅराव्हॅन नेणं म्हणजे मागच्या गाड्यांची रांग वाढवणं होतं. मधल्या काळात जे बदललं त्याचं श्रेय डिझेलपेक्षा टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या चक्राला, जास्त जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे एकदा लक्षात आलं की आजची निवडही वेगळी दिसू लागते.

आधी कॅराव्हॅन गाडीकडून नेमकं काय मागते ते पाहू. सपाट महामार्गावर एका वेगाने चालताना ती फारशी त्रास देत नाही. कसोटी लागते ती चढावर थांबून पुन्हा निघताना. मागे १,४०० किलो वजन, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडू लागलं की गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि काही क्षण काहीच हलत नाही. इथे इंजिनाने दम टाकला तर ते बंद पडतं. बंद पडू नये म्हणून जास्त रेस दिली तर अर्ध्या क्लचवर गाडी घासत राहते आणि जळका वास थेट आत येतो. असे चार-पाच प्रसंग एका दिवसात आले की क्लचचं आयुष्य संपलंच म्हणायचं. म्हणूनच युरोपीय नियमांत ओढण्याच्या वजनाची मर्यादा ठरवताना अट घातली आहे की पूर्ण भरलेली जोडगाडी किमान १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून निघाली पाहिजे. १२ टक्के म्हणजे १०० मीटर अंतरात १२ मीटर उंची. या परीक्षेत जास्तीत जास्त अश्वशक्ती किती हे कामाला येत नाही. इंजिन मिनिटाला जेमतेम हजार-दीड हजार फेऱ्यांवर असताना त्यात टॉर्क (फिरवण्याचा जोर, जो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) किती, हे येतं.

सुरुवातीला हे काम घोड्यांकडे होतं. निवृत्त नौदल डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये हौसेखातर ‘वाँडरर’ नावाची कॅराव्हॅन बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत नेली. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब निघाला तेव्हाही सभासद घोडेवालेच होते. मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन कारखान्यात बनू लागल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ मध्ये सुरू झालेली बर्मिंगहॅमची एकल्स कंपनी त्यातली अग्रणी. जर्मनीत १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्स यांनी विक्रीच्या दौऱ्यांवर आपल्या चित्रकार पत्नी फ्रिडेल यांनाही सोबत येता यावं म्हणून चाकांवरची खोली बांधली. या गाड्या हलक्या होत्या आणि पुढच्या मोटारी अर्थातच पेट्रोलच्या.

डिझेल तेव्हा कुठे होतं? रुडॉल्फ डिझेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला १८९२ मध्ये आणि चालतं इंजिन औग्सबुर्गच्या कारखान्यात उभं राहिलं १८९७ मध्ये. ते अवजड इंजिन कारखाने आणि जहाजांच्या उपयोगाचं होतं. बॉशने १९२७ मध्ये इंधन फवारणारा पंप बाजारात आणला तेव्हा ते ट्रकमध्ये रुळलं. कारचा मान मिळाला १९३६ मध्ये, मर्सिडीज-बेंझ २६०डी या गाडीमुळे. इंजिन अडीच लिटरचं आणि ताकद ४५ अश्वशक्ती. टॅक्सीवाल्यांना ती आवडली, कारण इंधन कमी प्यायची. कॅराव्हॅनवाल्यांनी तिच्याकडे पाहण्याचं काही कारण नव्हतं.

डिझेलमध्ये टॉर्क उपजतच जास्त असतो असा सर्वसाधारण समज आहे. टर्बो नसलेल्या डिझेलबाबत तो खरा नाही. पेट्रोल इंजिन सिलिंडरमधली जवळपास सगळी हवा वापरून घेतं. डिझेलमध्ये इंधन शेवटच्या क्षणी फवारलं जातं, त्याला हवेत नीट मिसळायला वेळ मिळत नाही. म्हणून काळा धूर टाळायचा तर काही हवा न वापरताच सोडून द्यावी लागते. परिणामी तेवढ्याच लिटरच्या पेट्रोल इंजिनापेक्षा साधं डिझेल टॉर्कमध्येही मागे पडतं. १९७० च्या दशकातली मर्सिडीज २४०डी घ्या: २.४ लिटर, ६५ अश्वशक्ती, १३७ न्यूटन-मीटर. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या डिझेल गोल्फची ताकद होती ५० अश्वशक्ती. या गाड्या काटकसरी आणि दीर्घायुषी होत्या, पण मागे कॅराव्हॅन लावल्यावर चढावर तिसरा गिअर टिकवणंही त्यांना जड जायचं.

त्यामुळे ज्याला ऐपत होती तो मोठं पेट्रोल इंजिन घ्यायचा. १९७० मध्ये आलेली रेंज रोव्हर ब्रिटिश कॅराव्हॅनवाल्यांचं स्वप्न होती, आणि तिच्यात साडेतीन लिटरचं पेट्रोल व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, होतं. कारखान्यातून डिझेल रेंज रोव्हर मिळायला १९८६ उजाडावं लागलं. ‘ओढणारी गाडी म्हणजे डिझेल’ हे समीकरण किती अलीकडचं आहे, हे त्या सोळा वर्षांवरून कळतं.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चं. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या वायूवर चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. पेट्रोल इंजिनाला ही जबरदस्ती सहज मानवत नाही: जास्त दाबाखाली हवा-पेट्रोलचं मिश्रण वेळेआधीच पेट घेतं आणि इंजिन ठोकायला लागतं. डिझेलमध्ये दाबली जाते ती नुसती हवा. ठोकण्याची ती भीती नाही, आणि हवा कमी पडते हे दुखणंही टर्बो परस्पर मिटवतो. दोघांचं अगदी मेतकूट जमलं. मर्सिडीजने १९७८ मध्ये अमेरिकेसाठी ३००एसडी आणली, पुढच्या वर्षी प्यूजोने ६०४ मध्ये टर्बो डिझेल दिलं.

खरा पालट मात्र १९८९ मध्ये झाला. त्या एकाच वर्षात ऑडी १०० मध्ये अडीच लिटरचं टीडीआय, म्हणजे थेट फवारणीचं टर्बो डिझेल, आलं: १२० अश्वशक्ती आणि २६५ न्यूटन-मीटर. लँड रोव्हर डिस्कव्हरी आली तीच थेट फवारणीचं २०० टीडीआय इंजिन घेऊन. अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल बसलं. २४०डीच्या जवळपास दुप्पट टॉर्क, तोही दोन हजार फेऱ्यांच्या आसपास! चढावर गिअर खाली घ्यायच्या आत गाडी चढून गेलेली असायची. ज्यांनी आधीची वीस वर्षं तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत काढली होती त्यांना हा फरक केवढा वाटला असेल! सल्ला तिथून पसरला.

पुढे सगळं डिझेलच्या पथ्यावर पडत गेलं. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन देणारी पद्धत) आलं आणि खडखडाट कमी झाला. जर्मनीसारख्या देशांत डिझेलवर लिटरमागे कर कमी होता. ब्रिटनमध्ये तशी सूट नव्हती, पण २००१ पासून वाहनकर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला आणि त्यात डिझेलचा फायदा झाला. आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे वजन. डिझेल इंजिन जड असतं. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे नको. हा कायदा नाही, पण शहाणपणाचा ठोकताळा आहे. मागची कॅराव्हॅन डोलू लागली तर जड गाडी तिला जास्त चांगली आवरते. शिवाय कॅराव्हॅन हुकवर भार देते तेव्हा गाडीचं नाक हलकं होतं. पुढची चाकं चालणाऱ्या गाडीत नाकावर जड इंजिन असलं की ओल्या चढावर चाकं कमी घसरतात.

घसरण सुरू झाली सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनने चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर वापरल्याचं उघड झाल्यावर. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या. त्यानंतर शहरांनी दारं लावायला सुरुवात केली. लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्रात एप्रिल २०१९ पासून पेट्रोलला युरो ४ हे जुनं प्रदूषण-मानक पुरतं, डिझेलला मात्र जास्त कडक युरो ६ लागतं; नाहीतर रोजचा आकार भरावा लागतो. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचाही प्रश्न आहे. ती साफ व्हायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कॅराव्हॅन ओढताना गाळणी छान साफ राहते, पण वर्षाचे उरलेले महिने तीच गाडी दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल तर ती तुंबते, आणि दुरुस्तीचा खर्च वाचवलेल्या इंधनाहून जास्त होतो.

ही घसरण सुरू होण्याआधीच पेट्रोलनेही टर्बोला आपलंसं केलं होतं. सिलिंडरमध्ये थेट फवारलेलं पेट्रोल वाफ होताना आतली हवा थंड करतं, त्यामुळे ठोकणं आवरता येतं. २००५ च्या फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआय या पेट्रोल इंजिनाने १,७५० फेऱ्यांवर २४० न्यूटन-मीटर दिले. फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २०११ च्या मॉडेलपासून साडेतीन लिटरचं टर्बो पेट्रोल आलं आणि व्ही-८ शिवाय ट्रेलर ओढायचा नाही म्हणणारेही ते घेऊ लागले.

अंतर कमी झालं, मिटलं नाही. फोक्सवॅगनचंच दीड लिटर पेट्रोल २५० न्यूटन-मीटर देतं आणि दोन लिटर डिझेल ३४०. लांब चढावर टर्बो पेट्रोल तापतं, आणि त्याला थंड ठेवायला अनेक इंजिनं गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतात. म्हणून कॅराव्हॅन जोडल्यावर पेट्रोलचा खप डिझेलपेक्षा जास्त झपाट्याने वाढतो. डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जाही जास्त असते. उतारावर मात्र पेट्रोल बरं: पाय उचलला की थ्रॉटल मिटतो आणि इंजिन गाडीला रोखून धरतं, तर साध्या डिझेलमध्ये ही पकड कमी असते आणि ब्रेकवर भार येतो.

दरवर्षी १,५०० किलोची कॅराव्हॅन घेऊन डोंगर पार करणाऱ्याला मी आजही युरो ६ डिझेलच सुचवेन. हजार-बाराशे किलोची कॅराव्हॅन, वर्षातून दोन सहली आणि एरवी शहरात वावर असेल तर टर्बो पेट्रोल. जुनी, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी स्वस्तात मिळत असेल तर तिच्या माहितीपत्रकातली टॉर्कची ओळ आधी वाचा. आकड्यापुढे ४,००० फेरे लिहिलेले असतील तर १२ टक्के चढावर तो टॉर्क तुमच्या वाट्याला येण्याआधी क्लचचा वास आलेला असेल; १,५०० ते ३,५०० असा पट्टा दिसला तर टाकीत कोणतं इंधन आहे हा प्रश्न बराच मागे पडतो.