खेळाडूच्या कामगिरीचे भाकीत (अमेरिकन फुटबॉल)

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात अमुक खेळाडू किती यार्ड पळेल, किती झेल घेईल, किती टचडाउन करील (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोचवील), हे सामन्याआधीच आकड्यांत मांडण्याची पद्धत. अमेरिकेत तिला ‘प्रोजेक्शन’ म्हणतात. सामना कोण जिंकणार हा यातला मुख्य प्रश्न नव्हे. संघ हरला तरी चालेल, आपल्या माणसाने १०० यार्ड केले पाहिजेत, अशी इथली तऱ्हा. या आकड्यांची मुख्य गिऱ्हाइके दोन : फॅन्टसी फुटबॉल खेळणारे (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवणारे) आणि खेळाडूंच्या आकड्यांवर पैज लावणारे. संघांचे स्वतःचे विश्लेषकही असे हिशेब करतात, पण ते सहसा घरातच राहतात.

नॅशनल फुटबॉल लीग म्हणजे एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला १७ सामने येतात (२०२१ पूर्वी १६). बेसबॉलचा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. तिथे खेळाडूचा खरा वकूब दिसायला पुरेसा काळ मिळतो. इथे चार सामने झाले की हंगामाचा जवळजवळ पाव भाग संपलेला असतो. भाकितातल्या बहुतेक अडचणींचे मूळ या तोकड्या आकडेवारीत आहे.

त्यामुळे जाणकार भाकीतकार खेळाडू किती चांगला आहे हे आधी विचारत नाही. चेंडू त्याच्याकडे किती वेळा येणार, हे आधी विचारतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच पटावे. सलामीच्या फलंदाजाला खेळायला मिळणार हे नक्की असते. सहाव्या क्रमांकावरचा कितीही धडाकेबाज असला तरी त्याच्या वाट्याला किती चेंडू येतील, हे वरचे पाच जण ठरवतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा हिशेब ‘स्नॅप’ आणि ‘टार्गेट’ या दोन मापांनी करतात. खेळाडू किती प्लेंसाठी (एकदा चेंडू खेळात येऊन थांबेपर्यंतची एक चाल) मैदानावर होता ते स्नॅप; क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूने) त्याच्या दिशेने किती वेळा चेंडू फेकला ते टार्गेट. झेल सुटला तरी टार्गेट मोजले जाते, आणि ते मोजायलाच हवे, कारण पुढच्या आठवड्याबद्दल ते झेलांपेक्षा जास्त सांगून जाते.

एका वाइड रिसीव्हरचा, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूचा, अंदाज ढोबळमानाने असा बांधतात. संघ सामन्यात ३६ पास टाकेल असे धरले आणि या खेळाडूचा वाटा चौथा हिस्सा असला, तर ९ टार्गेट झाली. दर तीन टार्गेटांमागे दोन झेल, म्हणजे ६ झेल. झेलामागे १२ यार्ड धरले की ७२ यार्ड. हा गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. खरी मेहनत आहे ती ३६ आणि चौथा हिस्सा हे आकडे आणायचे कुठून, यात. संघाचा प्रशिक्षक बदलला, दुसरा चांगला रिसीव्हर संघात आला, क्वार्टरबॅक जखमी होऊन त्याच्या जागी राखीव खेळाडू उभा राहिला, की दोन्ही आकडे हलतात.

संघाच्या आकड्यासाठी अनेक जण सरळ पैजेच्या बाजाराकडे पाहतात. बाजार दोन गोष्टी जाहीर करतो : दोन्ही संघांचे मिळून अपेक्षित गुण, म्हणजे ‘टोटल’, आणि वरचढ संघाचे अपेक्षित आधिक्य, म्हणजे ‘स्प्रेड’. टोटल ४८ आणि स्प्रेड ४ असेल, तर बाजाराच्या मते एका संघाचे २६ आणि दुसऱ्याचे २२ गुण होतील. यातून सामन्याचा नूरही कळतो. आघाडीवरचा संघ उत्तरार्धात चेंडू हातात धरून पळतो, कारण त्यात घड्याळ चालू राहते. पिछाडीवरचा नाइलाजाने पास टाकत सुटतो. हरणाऱ्या संघाच्या रिसीव्हरचे आकडे कधी कधी फुगलेले दिसतात ते यामुळे.

यार्डांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. टचडाउनचा येत नाही. अटलांटा फाल्कन्सचा रिसीव्हर ज्युलिओ जोन्स हा याचा नमुनेदार दाखला. २०१८ च्या हंगामात तो यार्डांमध्ये आघाडीवर होता, पण पहिला टचडाउन मिळायला नववा आठवडा उजाडावा लागला. तोपर्यंत फॅन्टसीवाले त्याच्या नावाने बोटे मोडत होते. मात्र टार्गेट आणि यार्ड पाहणाऱ्यांचे म्हणणे होते की याच्यात काही बिघडलेले नाही, थांबा. हंगाम संपला तेव्हा जोन्सच्या नावावर १,६७७ यार्ड होते, सर्व लीगमध्ये सर्वाधिक, आणि टचडाउन ८. उलट दिशेनेही हेच घडते. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने २००४ मध्ये पासवर ४९ टचडाउन केले, पुढच्या वर्षी २८. २०१३ मध्ये ५५ केले, पुढच्या वर्षी ३९. त्याचा हात अचानक लुळा पडला नव्हता. असाधारण हंगामानंतरचा हंगाम सरासरीकडे झुकतो, एवढेच. तरीही दर वर्षी फॅन्टसीच्या ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या, वेळी लोक मागल्या हंगामाच्या आकड्यांना पूर्ण भाव देतात.

सरासरी म्हणजे तरी काय, हा प्रश्न इथे वाटतो तितका सोपा नाही. ह्यूस्टन टेक्सन्सचा रिसीव्हर विल फुलर २०१९ मध्ये ११ सामने खेळला आणि त्याने ६७० यार्ड केले; सरासरी सुमारे ६१. पण ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने १४ झेल, २१७ यार्ड आणि ३ टचडाउन केले होते. तो सामना वगळला तर उरलेल्या दहांची सरासरी ४५ वर येते, आणि टचडाउन एकही उरत नाही. अशा खेळाडूचा एखादा सामना सगळ्या हंगामाला वर ओढतो, म्हणून त्याची सरासरी त्याच्या मधल्या आकड्यापेक्षा (सामने यार्डांनुसार ओळीने लावले तर मधोमध येतो तो) बरीच वर असते. फॅन्टसीचे प्रोजेक्शन सहसा सरासरी सांगते. पैजेची रेघ (ज्याच्या वर की खाली यावर पैज लावायची तो आकडा) मधल्या आकड्याच्या आसपास, निम्म्या वेळा वर आणि निम्म्या वेळा खाली, अशी आखलेली असते. ६१ चे प्रोजेक्शन आणि ५० ची रेघ पाहून ‘इथे फुकटचे पैसे आहेत’ असे वाटणारे नवखे याच खड्ड्यात पडतात.

दुखापती हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग म्हटला तरी चालेल. रविवारच्या सामन्यासाठी प्रत्येक संघाला बुधवार ते शुक्रवार सरावाचा अहवाल द्यावा लागतो आणि शेवटी खेळाडूपुढे शेरा मारावा लागतो : ‘आउट’ (खेळणार नाही), ‘डाउटफुल’ (खेळण्याची शक्यता कमी) किंवा ‘क्वेश्चनेबल’ (खेळणे अनिश्चित). पूर्वी ‘प्रॉबेबल’ असाही एक शेरा होता. तो २०१६ मध्ये काढून टाकला. अंतिम यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी येते, आणि आठवडाभराचे गणित त्या ९० मिनिटांत उलटू शकते. ९ सप्टेंबर २०२४ च्या सोमवारी रात्री सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा सामना न्यूयॉर्क जेट्सशी होता. त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ख्रिश्चन मॅकॅफ्री त्या वर्षी असंख्य फॅन्टसी ड्राफ्टमध्ये पहिला उचलला गेलेला खेळाडू. त्याच्या नावापुढे ‘क्वेश्चनेबल’ होते, पण तो खेळेल असेच बहुतेकांनी धरले होते. यादी आली आणि त्यात तो नव्हता. त्याच्या जागी जॉर्डन मेसन उतरला, ज्याला २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (संघांनी नवोदित खेळाडू निवडण्याच्या फेरीत) एकाही संघाने घेतले नव्हते. कारकिर्दीत पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळताना त्याने चेंडू २८ वेळा नेला, १४७ यार्ड आणि एक टचडाउन केला. मॅकॅफ्री बाहेर गेला म्हणून त्याच्या वाट्याच्या चेंडू नेण्याच्या संधी नाहीशा झाल्या नाहीत, त्या मेसनच्या पदरात पडल्या. मॅकॅफ्री त्या हंगामात अवघे चार सामने खेळला. त्याहून क्रूर दाखला २००८ चा : आदल्या वर्षी पासवर ५० टचडाउन करणारा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पहिल्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये (पहिल्या पाव भागात) गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला.

हवामानाचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त होतो. पाऊस किंवा थंडी यांच्यापेक्षा जोराचा वारा पासला आणि किकरला नडतो. अनेक मैदानांना छप्पर आहे, तिथे हाही प्रश्न नाही.

फॅन्टसी फुटबॉलच्या छंदाचा उगम १९६२ चा सांगतात. ऑकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाख यांनी संघाच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, दोन सोबत्यांसह, फॅन्टसी लीगचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी ऑकलंडमध्ये आठ जणांची पहिली लीग भरली आणि पहिला उचललेला खेळाडू होता जॉर्ज ब्लँडा. तिच्या लांबलचक नावात ‘प्रॉग्नॉस्टिकेटर्स’, म्हणजे भाकीतकार, हा शब्दच होता. आजच्या प्रचलित पद्धतीत धावून किंवा झेलून केलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६, पासच्या दर २५ यार्डांना १ गुण, पासवरच्या टचडाउनला ४ असा हिशेब असतो. काही लीगमध्ये प्रत्येक झेलालाही गुण मिळतो. त्या एका नियमाने रिसीव्हरचे मोल बदलते, म्हणून गुणपद्धती न सांगता दिलेले प्रोजेक्शन निरुपयोगी.

मोजमापाचे शास्त्र यापेक्षा वेगळ्या वाटेने आले. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी मैदानावरच्या प्रत्येक जागेवरून पुढे सरासरी किती गुण होतात, याचा शोधनिबंध लिहिला. कार्टर हा स्वतः सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता. खेळणाऱ्यानेच खेळाचे गणित मांडल्याचा असा योग विरळाच. अलीकडे खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये रेडिओ चिप बसवलेल्या असतात आणि प्रत्येकाची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदली जाते. या नोंदी वापरून लीगने २०१९ मध्ये कॅगल या संकेतस्थळावर स्पर्धा लावली : धावणाऱ्याच्या हाती चेंडू येतो त्या क्षणी २२ खेळाडू कुठे आहेत ते पाहून तो किती यार्ड नेईल ते सांगा. एक आकडा देऊन भागणार नव्हते. उणे ९९ पासून अधिक ९९ पर्यंत प्रत्येक यार्डाची शक्यता द्यायची होती, आणि निकाल लागणार होता नंतर खेळल्या जाणाऱ्या सामन्यांवर. स्पर्धा जिंकली फिलिप सिंगर आणि दिमित्री गोर्देयेव या जोडीने. त्यांच्या प्रतिमानात खेळाडूंची नावे किंवा कीर्ती नव्हती. कोण कोणापासून किती दूर आहे आणि किती वेगाने येतो आहे, यावरच सारी मदार होती.

पैजेची बाजू जुनी आहे, पण तिला उघड राजमार्ग उशिरा मिळाला. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलआधी (एनएफएलच्या अंतिम सामन्याआधी) लास वेगासच्या कॅसिनोंनी शिकागो बेअर्सच्या विल्यम पेरीवर लोकांसाठी पैज मांडली : हा टचडाउन करील का? ‘रेफ्रिजरेटर’ या टोपणनावाचा हा अगडबंब बचावपटू. त्याचे काम समोरच्याला आडवे पाडण्याचे, चेंडू नेण्याचे नव्हे. लोकांनी गमतीने पैसे लावले, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने एक यार्डावरून खरोखरच टचडाउन केला. कॅसिनोंना भुर्दंड बसला, पण अशा पैजांना गिऱ्हाईक आहे हे त्यांना कळून चुकले. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजांना आडकाठी करणारा १९९२ चा कायदा रद्द केल्यावर अनेक राज्यांत त्या कायदेशीर झाल्या. भारतातला प्रवास नेमका उलटा झाला. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने क्रिकेटची फॅन्टसी घरोघरी नेली, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यावर तिला पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या.

खेळाडूंना स्वतःला एनएफएलच्या सामन्यांवर पैज लावायला मनाई आहे. अटलांटाचा रिसीव्हर कॅल्विन रिडली २०२१ मध्ये संघापासून दूर असताना सुमारे १,५०० डॉलर लावून बसला आणि त्यापायी २०२२ चा अख्खा हंगाम गमावला. २०२३ मध्ये तो जॅक्सनव्हिलकडून परतला, तेव्हा भाकीतकारांपुढे जवळजवळ दोन वर्षे सामना न खेळलेला खेळाडू, नवा संघ आणि नवा क्वार्टरबॅक होता. ताजी आकडेवारी शून्य. पहिल्या सामन्यात त्याने ८ झेल, १०१ यार्ड आणि एक टचडाउन केला. ते पाहून लोकांनी आपापले आकडे वर नेले. पुढच्या आठवड्यात २ झेल, ३२ यार्ड.