पहिला फोन किती मिनिटांत आला?

समजा, कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर करणारी एक कंपनी आहे. महिनाअखेर. अकाउंट्सच्या ताईंपुढे बिलांचा गठ्ठा पडलाय आणि पाकिटं पुरवणाऱ्या नेहमीच्या पार्टीचा मेल येतो: 'आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर टाका.' मागच्या बिलाचा नंबरही बरोबर आहे. खोट फक्त मेलच्या पत्त्यात. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेत. मोबाइलच्या स्क्रीनवर ती जोडी 'एम'च दिसते.

यात फसणारे अडाणी असतात, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एकानं तैवानच्या पुरवठादार कंपनीच्या नावानं खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. तिथं काय कॉम्प्युटरची जाणकार माणसं कमी होती? ओळखीचा शब्द आपण अक्षर अक्षर लावून वाचत नाही. त्यात 'अर्जंट आहे, साहेबांनी सांगितलंय' आलं, की शंका घ्यायला उसंतच राहत नाही.

सांगलीचा व्यापारी हळकुंड मोडून बघतो, मगच भाव बोलतो. संस्थेची सुरक्षाही अशीच मोडून बघता येते. चाचणी करणारे मालकाची लेखी परवानगी घेऊन कर्मचाऱ्यांना खोटा मेल पाठवतात. लिंक दाबली तर तेवढी नोंद होते, पासवर्ड साठवायचा नसतो. कुणी 'बँकेतून बोलतोय' म्हणून फोन करतं, कुणी एसी दुरुस्तीच्या नावाखाली थेट सर्व्हरच्या खोलीपर्यंत जातं. परवानगीची कल्पना मात्र सगळ्या संबंधितांना हवी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या न्यायविभागानं नेमलेले दोघे जण रात्री एका न्यायालयाच्या इमारतीत शिरले आणि थेट कोठडीत गेले. इमारत काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची होती आणि काउंटीला कुणी कळवलंच नव्हतं! आरोप पुढं मागे घेतले गेले.

खरी गफलत होते ती निकाल वाचताना. किती जणांनी क्लिक केलं, एवढंच बघायचं आणि त्या नावांना सगळ्यांसमोर झापायचं, हे मला फार घातक वाटतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा १५ महिने अभ्यास केला. क्लिक करताच समोर येणाऱ्या धड्यानं माणसं सावध झाली नाहीत, उलट जास्त फसली. पण संशयास्पद मेल कळवायचं बटण दिल्यावर कर्मचाऱ्यांनीच नवे हल्ले लवकर पकडून दिले आणि कळवण्याचा कंटाळाही केला नाही.

म्हणून शंभरातल्या दहांनी लिंक दाबली, पण चौथ्या मिनिटाला एकानं 'हा मेल संशयास्पद वाटतोय' असं कळवायला फोन केला, तर ती संस्था मी बरी म्हणेन. दोघांनीच दाबली आणि दोघंही भीतीनं गप्प बसले, तिथं काळजी करावी.

आमिषाचाही विचार हवा. २०२० च्या डिसेंबरमध्ये गोडॅडी कंपनीनं चाचणीसाठी कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनसचा खोटा मेल पाठवला आणि नंतर माफी मागितली. आपल्याकडं दिवाळीच्या तोंडावर असं कुणी केलं, तर पुढच्या वेळी कोण विश्वासानं काही सांगायला येईल?

सगळा भार माणसावर टाकणंही बरोबर नाही. पासवर्डऐवजी वापरायची पासकी ही सोय खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते. बनावट पानावर ती चालतच नाही, मग डोळा फसला तरी चालतो. खातं बदलल्याच्या मेलवर मात्र असा इलाज नाही. तिथं मेलमधल्या नव्हे, तर आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करूनच खात्री करावी लागते.

आणि पैसे गेलेच, तर ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लवकर कळलं तर ते वाटेत अडवता येतात. ताई मालकांना 'माझ्याकडून पेमेंट गेलं' हे लगेच सांगतात, की संध्याकाळपर्यंत एकट्याच निस्तरत बसतात, यावर ती रक्कम अवलंबून असते.