सशर्त फॉर्म (जँगो टेम्प्लेट)

सर्व्हरवर पान तयार होत असतानाच अट तपासून एखादा फॉर्म पानात घालणे किंवा वगळणे. अट खोटी ठरली तर त्या फॉर्मचे एचटीएमएल ब्राउझरपर्यंत पोचतच नाही. सीएसएसने लपवलेला फॉर्म मात्र पानाचा सोर्स उघडला की दिसतो. पीएचपी, जेएसपी, रेल्स सगळीकडे ही पद्धत आहे. येथे २००५ साली खुल्या झालेल्या जँगो या पायथन फ्रेमवर्कचा विचार केला आहे.

लॉगिन केलेल्याला प्रतिक्रियेचा फॉर्म आणि इतरांना लॉगिनचा, हा नेहमीचा प्रसंग. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, इफ, एल्स आणि एंडइफ हे टॅग पुरतात. फॉर्मचा उघडणारा व बंद करणारा टॅग एकाच शाखेत हवा. ही शिस्त सुटली की फॉर्मच्या आत फॉर्म येतो आणि एचटीएमएलला तो मान्य नाही. ब्राउझर आतला उघडणारा टॅग टाकून देतो, पण आतल्या बंद करणाऱ्या टॅगने बाहेरचा फॉर्म बंद करतो. पुढची इनपुट आणि ‘जतन करा’ बटण मग कोणत्याच फॉर्मची उरत नाहीत. बटण दाबून काही होत नाही, कन्सोलमध्येही एरर येत नाही. पोस्टने (सर्व्हरला माहिती पाठवण्याच्या पद्धतीने) जाणाऱ्या प्रत्येक फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकनही, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेली बनावट विनंती ओळखणारी खूण, वेगळे लिहावे लागते. एका शाखेत ते राहून गेले तर फक्त त्या शाखेतल्या वापरकर्त्यांना ४०३ (परवानगी नाही) हा एरर मिळतो. म्हणून चाचणी दोन्ही शाखांची करावी.

अटीत अस्तित्वातच नसलेले व्हेरिएबल आले तर जँगो तक्रार न करता ते खोटे धरते. नावात एक अक्षर चुकले तरी फॉर्म गुपचूप गायब होतो. अटीत कंस चालत नाहीत, आणि ‘ऑर’च्या आधी ‘अँड’ सोडवला जातो. क्वेरी स्ट्रिंगमधून (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातून) आलेला ‘०’ हा मजकूर पायथनमध्ये खरा ठरतो, पीएचपीत खोटा. लांबलेली अट व्ह्यूमध्येच (विनंती हाताळणाऱ्या पायथन कोडमध्येच) सोडवावी आणि टेम्प्लेटला एकच खरे-खोटे मूल्य द्यावे, हे उत्तम.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक फॉर्म परत दाखवताना होते. समजा, पत्त्यात ‘एडिट=१’ असेल तरच फॉर्म दिसतो, पण फॉर्मची अ‍ॅक्शन त्याविना लिहिली आहे, म्हणजे माहिती जिथे पाठवायची त्या पत्त्यात ते नाही. भरलेली माहिती चुकीची निघाली की पान पुन्हा बनते, अट खोटी ठरते आणि फॉर्मबरोबर चुकांचे संदेशही जातात. अशा वेळी ‘फॉर्ममध्ये चुका आहेत’ हेही अटीत जोडावे. एका पानावर दोन फॉर्म असतील तर प्रत्येकाला वेगळा प्रीफिक्स (फील्डच्या नावांआधी लागणारा शब्द) द्यावा आणि कोणता फॉर्म आला हे बटणाच्या नावावरून ओळखावे.

फॉर्म न दाखवणे म्हणजे परवानगी नाकारणे नव्हे. पत्ता माहीत असलेला कोणीही थेट पोस्ट पाठवू शकतो, त्यामुळे तीच तपासणी माहिती स्वीकारणाऱ्या व्ह्यूमध्ये पुन्हा हवीच. जँगो १.१० पूर्वी ‘इज ऑथेंटिकेटेड’ (वापरकर्त्याने लॉगिन केले आहे का हे सांगणारी) ही मेथड होती. टेम्प्लेट ती आपोआप चालवत असे. पण व्ह्यूमध्ये कंस न लावता लिहिली तर अट नेहमीच खरी ठरे आणि दार सताड उघडे राही.

पानाचा तुकडा पुन्हा वापरण्यासाठी कॅशमध्ये साठवून ठेवताना कॅशच्या किल्लीत वापरकर्त्याची ओळख घालावी. नाहीतर एकासाठी बनलेला फॉर्म, त्याच्या टोकनसह, दुसऱ्याला जातो.