सबब आधी, बाटली नंतर

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि देवगड, मालवण, हर्णैच्या बंदरांत धांदल सुरू होते. जून-जुलैचे दोन महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, खिसा रिकामा आणि नाखव्याकडून, म्हणजे होडीच्या मालकाकडून, घेतलेली उचल डोक्यावर. याच काळात दवाखान्यात राहून दारू सोडलेला एखादा खलाशी आता कामावर परततो. हात थरथरत नाहीत, जेवण जातं, झोप लागते. आणि पहिल्याच हिशेबाचे पैसे हातात पडले की तो पुन्हा प्यायला बसतो. गाव निदान करून मोकळं होतं: मनाचा कच्चा.

हे निदान मला मान्य नाही. दारूची शारीरिक ओढाताण बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. पण पिण्याला परवानगी देणारी जी विचारांची रीत वर्षानुवर्षं घोटून पक्की झालेली असते, तिला औषधाच्या गोळीने हात लागत नाही. तिच्यावर वेगळं काम करावं लागतं, आणि ते करता येतं.

आधी मेंदूकडे पाहू. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देऊन डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींच्या हालचाली मोजल्या. सुरुवातीला रस तोंडात पडला की पेशी जाग्या व्हायच्या. रसाच्या आधी नेमाने एक खूण मिळू लागली, तेव्हा त्या खुणेलाच जाग्या होऊ लागल्या. माणसाच्या व्यसनातही खुणा अशाच बळावतात. लिलाव आटोपलेली जेटी, डिझेलचा वास, नोटा मोजणारा नाखवा, सोबतचे दोघे. बाटली दिसण्याच्या आधीच ओढ सुरू झालेली असते, आणि मन तिच्यासाठी कारण शोधायला लागतं.

ते कारण ओळखीचं असतं. ‘मी खंय रोज पितंय? आज जरा दमलंय म्हणान.’ पैसे कमी पडले तर होडीवरचा डिझेलचा कॅन परस्पर विकला जातो, आणि त्यालाही उत्तर तयार असतं: नाखव्याचं काय जातंय? तो तरी आमचा वाटा कुठे सरळ देतो? ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली गुन्ह्यांकडे वळलेल्या मुलांबद्दल हेच मांडलं. या मुलांना बरं-वाईट कळतं. मात्र कृत्याच्या आधी ती स्वतःची सुटका करून घेतात. कुणाचं नुकसान झालं नाही, ज्याचं झालं तो त्याच लायकीचा, बोट दाखवणारेच चोर, माझा नाइलाज होता, मित्रांसाठी केलं. यातली महत्त्वाची गोष्ट ‘आधी’ ही आहे. सबब कृत्यानंतर सुचत नाही, ती कृत्याची वाट मोकळी करते.

अमेरिकी तुरुंगांत वर्षानुवर्षं काम केलेले मानसशास्त्रज्ञ ग्लेन वॉल्टर्स यांनी गुन्हेगारी विचारांच्या आठ तऱ्हा नोंदवल्या. व्यसनात बुडालेल्या माणसाच्या घरच्यांना त्यातल्या बऱ्याच पाठ असतील. ‘मी सापडणार नाही’ हा फाजील विश्वास. ‘एवढे कष्ट केले, मला हक्कच आहे’ ही भावना. आणि सगळ्यांत घातक म्हणजे भीती एका फटक्यात तोडून टाकणारा उद्गार. आपल्याकडे तो असा ऐकू येतो: ‘मरांदे!’ बायको, पोरं, कर्ज, डॉक्टर, सगळं त्या एका श्वासात बाजूला पडतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. व्यसनी माणूस गुन्हेगार असतोच असं मुळीच नाही. बहुतेकांनी कुणाचा पैसाही चोरलेला नसतो. दोन्हीकडे सबबीची घडण तेवढी सारखी असते, म्हणून उपचारही एकमेकांकडून शिकले.

या सबबींवरचा उपचार दिसायला अगदी साधा आहे. वहीत चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, काय केलं. सगळी मेहनत दुसऱ्या रकान्याची. सुरुवातीला माणूस म्हणतो, ‘काही आलंच नाही, पाय आपसूक वळले.’ समुपदेशक मागे मागे नेतो. पाय वळण्याआधी कुठे होतास? जाळ्याचा दोरा आणायला. तो वाडीतल्या दुकानात मिळत नाही का? मिळतो. मग बंदरावरच्या दुकानात का गेलास? तिथे स्वस्त. त्याच्या शेजारी काय आहे? इथे तो गप्प होतो. शेजारी बार असतो. अमेरिकेतल्या सिएटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या निर्णयांवर भर दिला. बारच्या दारात स्वतःला आवरणं फार अवघड, दोरा कुठून आणायचा हे ठरवताना सोपं.

विचार बदलला की भावना आणि वागणं बदलतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सूत्र मराठी वाचकांना नवं नाही, कि. मो. फडके यांनी ते इथे रुजवलं. पण ‘वाईट विचार करू नकोस’ असं दरडावून काही होत नाही. विचार लिहायचा, तो खरा आहे का ते तपासायचं, त्याच्या जागी बोलता येईल असं खरं वाक्य ठेवायचं: ‘दमलोय, म्हणून घरी जातो.’ मग ते प्रत्यक्ष पाय उचलून घोटायचं, इतक्या वेळा की ते आपसूक यावं.

याचा उपयोग होतो का? अमेरिकी संशोधक मार्क लिप्सी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली गुन्हे केलेल्यांवरच्या अशा उपचारांचे ५८ अभ्यास एकत्र तपासले. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी चतुर्थांशाने घटलेलं दिसलं. चमत्कार नाही, पण ज्या घरातला मुलगा त्या चतुर्थांशात असेल त्या घराला विचारा.

घसरणीबद्दलही मार्लॅट यांचं म्हणणं घराघरांत पोचायला हवं. शिमग्यात कुणी आग्रह केला, एक पेला गेला. ती चूक झाली. पण ‘आता संपलंच सगळं, मी असलाच’ हा विचार आला की पुढची बाटली त्या विचारापायी जाते. अशा वेळी घरच्यांनी ‘तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती’ म्हटलं तर ते त्याच विचाराला दुजोरा देतात. त्याच रात्री वही उघडून मागे जाणं अधिक कामाचं.

माझ्या मते नाखव्यांनाही यात मोठं काम आहे. उपचारातून आलेल्या खलाशाचा वाटा रोख हातावर ठेवण्याऐवजी, त्याच्याच संमतीने, बायकोच्या किंवा आईच्या खात्यात भरला तर सर्वांत जोरदार खूण बंदरावरून निघून जाते.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टर लागतोच. विचारपूस करायला १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. गर्द घेणारी पोरं पोलिसांच्या भीतीने दवाखान्याकडे फिरकत नाहीत, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं.