नैराश्य, बंदूक आणि मधली काही मिनिटे

अमेरिकेत एखाद्या शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला की लगेच हल्लेखोराच्या मनोविकाराची चर्चा सुरू होते. गोळी झाडणारा मनोरुग्णच असणार, असे आपणही धरून चालतो. ड्यूक विद्यापीठातील संशोधक जेफ्री स्वॉन्सन यांच्या अभ्यासानुसार मात्र गंभीर मनोविकार उद्या समूळ नाहीसे झाले, तरी समाजातील एकूण हिंसाचार फक्त सुमारे ४ टक्क्यांनी घटेल. नैराश्य आणि बंदूक यांचे खरे नाते दुसरीकडेच आहे. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने सुमारे ४८,२०० माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे २७,००० मृत्यू आत्महत्येचे होते. या मृत्यूंची बातमी सहसा होत नाही.

नैराश्यात विचारांचा परीघ आक्रसत जातो; पुढे काही बरे घडेल ही शक्यताच मनाला दिसेनाशी होते. तरीही मरण्याची इच्छा अखंड एकाच तीव्रतेची नसते, ती उसळते आणि ओसरते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तींच्या मुलाखतींतून असे दिसले आहे की, अनेकांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांत दहा मिनिटांचेही अंतर नव्हते. त्या मिनिटांत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून फार थोडे वाचतात. जे कोणत्याही प्रयत्नातून वाचतात, त्यांतील दहापैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, आणि मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नैराश्यावर उपचार आहेत आणि ते बहुतेकांना लागू पडतात. अडचण वेळेची आहे. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मानसोपचारालाही अवधी हवा असतो, आणि पुरुष, विशेषतः उतारवयातील पुरुष, पुष्कळदा डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून त्या आठवड्यांत घरातील बंदूक दूर ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. कॅलिफोर्नियातील २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचा बंदुकीने आत्महत्या करण्याचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे आठपट आढळला. पिस्तूलधारकांच्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाले होते. म्हणजे संरक्षणासाठी म्हणून घेतलेली वस्तू घरात पडून राहते आणि एखाद्या वाईट रात्री हाताशी येते.

न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली आठवड्याभराच्या आत एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच आपले जीवन संपवले. त्यानंतर तेथील बंदूक विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र आले: ग्राहकाच्या बोलण्या-वागण्यातील खुणा कशा ओळखाव्यात, विक्री केव्हा थांबवावी, याची माहितीपत्रके त्यांनी दुकानांत पोहोचवली. बंदुकीच्या हक्कावरून इतक्या टोकाला भांडणाऱ्या देशात हे घडले, याचे मोल मला मोठे वाटते. इंडियाना आणि कनेक्टिकट या राज्यांत तर धोक्यात असलेल्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या परवानगीने बंदूक तात्पुरती काढून घेता येते. अशा दर १० ते २० कारवायांमागे एक जीव वाचतो, असा अंदाज आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथील आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनीचा ९८८ आणि भारतातील वाचकांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. दोन्हीकडे दिवसरात्र कोणीतरी ऐकायला असते.