मॅग्निफायर की आयकप: व्ह्यूफाइंडरच्या जोडसामानाची पार्श्वभूमी

व्ह्यूफाइंडरच्या (कॅमेऱ्याला डोळा लावून दृश्य बघायच्या खिडकीच्या) आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, काय लावायचं, हा वाद कोकणपट्टीत नवा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकापर्यंत कधी ना कधी पोचतो. प्रश्न मुळात एकच आहे. मॅग्निफायरच्या जादा भिंगाने डोळ्यासमोरचं चित्र मोठं करायचं, की आयकपच्या रबरी कडेने डोळ्याच्या कडेने घुसणारा उजेड अडवायचा? दोन्ही एकाच वेळी पूर्ण साधत नाही, आणि त्यामागे बराच इतिहास आहे.

फिल्मच्या काळात हा प्रश्न इतका छळत नव्हता. पेंटाप्रिझमचा (आरशातलं चित्र सरळ करून डोळ्यापर्यंत पोचवणाऱ्या काचेचा) कॉन्टॅक्स एस १९४९ साली आला आणि कॅमेरा डोळ्याला लावून सरळ समोर बघण्याची सवय लागली. पुढे १९७२च्या ऑलिंपस ओएम-१ मध्ये नुसत्या डोळ्याला दिसतं त्याच्या ०.९२ पट, म्हणजे जवळजवळ तेवढंच मोठं चित्र दिसायचं. आजही कुणी त्यातून बघितलं तर थबकतो. निकॉन एफएम२च्या आयपीसला १९ मिमीची आट्यांची गोल चकती असायची, तिच्या जागी चष्म्याच्या हव्या त्या नंबरचं डायऑप्टर भिंग फिरवून बसवता यायचं. चष्मेवाल्यांसाठी खरी महत्त्वाची गोष्ट घडली ती १९८२ला, निकॉनचा एफ३एचपी आला तेव्हा. त्याचा आयपॉइंट २५ मिमी होता. डोळा काचेपासून इतका लांब ठेवूनही पूर्ण चौकट दिसायची. त्याची किंमतही मोजावी लागली: साध्या एफ३ची ०.८ पट वाढ एचपीत ०.७५ झाली. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका अदलाबदलीत आहे.

मग डिजिटल एसएलआर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारे कॅमेरे) आले आणि फिल्मच्या जागी बसलेला, उजेड टिपणारा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान झाला. निकॉन डी७० (२००४) आणि कॅनन ३५०डी (२००५) यांनी असंख्य स्टुडिओंना फिल्मपासून सोडवलं, पण त्यांच्या व्ह्यूफाइंडरमधून बघणं म्हणजे बोगद्याच्या टोकाला दिसणारा उजेड बघणं. आणि याच काळात माहितीपत्रकातल्या एका आकड्याने भरपूर घोळ घातला. तो आकडा म्हणजे मॅग्निफिकेशन.

हा आकडा मोजायची रीत ठरलेली आहे: ५० मिमीची लेन्स लावायची, फोकस अनंतावर ठेवायचा, डायऑप्टर (नंबर जुळवायची चकती) उणे एकवर, आणि नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या वस्तूच्या तुलनेत ती किती मोठी दिसते ते बघायचं. फिल्मच्या चौकटीला हे बरोबर लागू पडायचं. लहान सेन्सरवर मात्र तीच ५० मिमीची लेन्स दृश्याचा मधला तुकडाच दाखवते. वस्तू मोठी दिसते, पण चौकट लहानच राहते. म्हणून कॅनन ४०डीच्या पत्रकावर ०.९५ आणि फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) ५डीच्या पत्रकावर ०.७१ असं छापलेलं असूनही, प्रत्यक्ष डोळा लावला की ५डीची चौकट मोठी दिसते. खरी तुलना करायची तर आकड्याला क्रॉप फॅक्टरने (सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा किती पट लहान, त्या आकड्याने) भागावं लागतं. ४०डीचा आकडा १.६ने भागला की ०.५९ उरतो. डी७०चा ०.७५ भागिले १.५, म्हणजे ०.५०. निकॉन डी२००चा ०.९४ जेमतेम ०.६३वर येतो. फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरच्या ऑलिंपस ई-५००चा ०.९ तर २ने भागून थेट ०.४५ होतो, म्हणजे ओएम-१च्या निम्म्याहूनही कमी. छापलेला आकडा खोटा नव्हता, पण ज्या तुलनेसाठी गिऱ्हाईक तो वाचत होतं त्या तुलनेला तो उपयोगाचा नव्हता. हा भागाकार पत्रकावरच करून द्यायला कुणाची हरकत असायला नको होती, असं मला ठामपणे वाटतं.

या घोळातूनच मॅग्निफायरची लाट आली. निकॉनचा चौकोनी आयपीससाठीचा डीके-२१एम १.१७ पट, गोल आयपीससाठीचा डीके-१७एम १.२ पट, ऑलिंपसचा एमई-१ तोही १.२ पट, पेंटॅक्सचा ओ-एमई५३ १.१८ पट. ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्याला ज्याचा त्याचा नग, असं असूनही लोकांनी ऐकलं नाही. एमई-१च्या कडा कानशीने घासून तो दुसऱ्या कंपन्यांच्या खाचांत बसवला गेला. कॅनन ५डीच्या ईबी आयकपचं रबर सोलून उरलेल्या सांगाड्यात निकॉनचा डीके-१७एम दाबून बसवायची युक्ती जगभर पसरली. निकॉनच्याच चौकोनी आयपीसवर गोल नग चढवायला डीके-२२ हा अडॅप्टर मध्ये घालावा लागायचा.

फायदा किती? डी७०चा ०.५० डीके-२१एममुळे जवळपास ०.५९ व्हायचा. बरं वाटायचं, यात शंका नाही. पण डी७०चा आयपॉइंट मुळात १८ मिमी, आणि मॅग्निफायर लावला की तो आणखी आखडतो. चष्मा घालणाऱ्याला चौकटीचे कोपरे आणि खालची शटर-ॲपर्चरच्या आकड्यांची पट्टी एकदम दिसेनाशी होते. हर्णैच्या बंदरात लिलावाच्या गर्दीत फोटो काढताना डोकं वर-खाली हलवून आकडे शोधावे लागले, तर मोठ्या चित्राचा काय उपयोग? चष्मा नसलेल्याने मॅग्निफायर जरूर लावावा. चष्मेवाल्याने आधी उसना आणून बघावा, माझं मत इतकं स्पष्ट आहे. कॅननचा ईपी-ईएक्स१५ नेमका उलटा मार्ग घ्यायचा: डोळा १५ मिमी मागे, चित्र सुमारे ३० टक्के लहान, पण नाक स्क्रीनला टेकत नाही. मे महिन्यात देवगडच्या कातळावर उभं राहून फोटो काढणाऱ्याला घामेजलेल्या नाकाचा डाग स्क्रीनवर नको असेल, तर त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता उजेडाची बाजू. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. गुहागरला किंवा तारकर्लीला सकाळी समुद्राकडे कॅमेरा रोखला की सूर्य पाठीमागून, थेट आयपीसवर येतो. एसएलआरमध्ये डोळा काचेला चिकटलेला नसेल, म्हणजे कॅमेरा तिपाईवर असेल, तर हा उजेड आतल्या मीटरपर्यंत (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेपर्यंत) पोचतो, मीटरला दृश्य जास्त उजळ वाटतं आणि फोटो काळा पडतो. म्हणूनच निकॉनच्या डब्यात डीके-५ हे झाकण यायचं, कॅननच्या पट्ट्यात रबराचं झाकण ओवलेलं असायचं, आणि डी७००सारख्या महागड्या कॅमेऱ्यात आयपीसला स्वतःचा पडदाच होता. बहुतेकांची ही झाकणं खोक्यातच राहिली.

वाकड्या अँगल फाइंडरचं, म्हणजे आयपीसला लावून वरून बघायच्या काटकोनी नळीचं, आयुष्य त्या मानाने लवकर संपलं. कॅननचा अँगल फाइंडर सी १.२५ आणि २.५ पट दाखवायचा, निकॉनचा डीआर-६ चौकोनी आयपीसला बसायचा. वेळासच्या वाळूत कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली की, किंवा पावसाळ्यात सड्यावरच्या बोटभर रानफुलांसाठी, पोटावर न लोळता फोटो काढायला तो उत्तम. स्क्रीन वळू लागली आणि त्याची गरज उरली नाही.

मिररलेसने, म्हणजे आरशाऐवजी आतल्या छोट्या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांनी, मॅग्निफिकेशनचा घोळही बराच निस्तरला. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा आकडा आता अनेक ठिकाणी ३५ मिमीच्या (फिल्मच्या चौकटीच्या) हिशेबात दिला जातो. २०१४चा फुजीफिल्म एक्स-टी१ लहान सेन्सरचा असूनही ०.७७ पट दाखवतो. २०२०च्या सोनी ए७एस ३ मध्ये ०.९० पट, पडद्यावर ९४.४ लाख डॉट (ठिपके), आणि आयपॉइंट पुन्हा २५ मिमी. कानस घासायचं कारणच राहिलं नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र जास्त बिकट झाला, कारण आता मीटरचा नाही तर डोळ्याचा सवाल आहे. कडेने ऊन आलं की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि समोरचा छोटा पडदा फिका वाटतो. त्यामुळे मोठ्या, लांब रबराच्या आयकपची मागणी वाढली. फुजीचा ईसी-एक्सटी एल हा त्याच जातीचा. सैल झालेला आयकप होडीत बसता-उतरता गळून पडतो, तेव्हा त्याला बारीक दोरा बांधावा. फेविक्विकसारखा गोंद आयपीसजवळ अजिबात वापरू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते. खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने आधी डायऑप्टरची चकती पुसावी, मग काच.

आणि एक धोका एसएलआरवाल्यांना माहीतच नव्हता. गळ्यात अडकवलेल्या किंवा मांडीवर ठेवलेल्या मिररलेसचं आयपीस सूर्याकडे वळलं, तर तेच भिंग ऊन गोळा करून आतल्या पडद्यावर टाकतं आणि तिथे कायमचा डाग पडतो. कंपन्या याचा इशारा देतात, पण नुसता मोठा आयकप हे थांबवू शकत नाही. मालवणहून सिंधुदुर्गाला होडीने जाताना आयपीसवर रुमाल टाकावा, नाहीतर कॅमेरा पिशवीत ठेवावा.